बाटलीवरचे १५१६

जर्मन धाटणीच्या क्राफ्ट लागर बिअरच्या बाटलीवर ‘१५१६च्या शुद्धता कायद्यानुसार’ असे छापलेले दिसले, की चाखणारा पहिल्या घोटाआधीच गुण देऊन मोकळा होतो. हे गुणदान इतिहासाला धरून नाही.

२३ एप्रिल १५१६ रोजी इंगोलश्टाट येथे बव्हेरियाच्या ड्यूक चौथ्या विल्हेल्मने भाऊ दहाव्या लुडविगसह काढलेला आदेश मुख्यत्वे भाव बांधून देणारा होता: हिवाळी हंगामात माप एका फेनिगला, उन्हाळी हंगामात फार तर दोन फेनिगना. घटकांविषयी वाक्य एकच. सातू, हॉप आणि पाणी. यीस्टचा उल्लेखच नाही! गहू वर्ज्य; पुढे गव्हाच्या बिअरचा मक्ता मात्र खुद्द राजघराण्याच्याच हाती गेला. ‘शुद्धता कायदा’ हे नावदेखील विसाव्या शतकातले.

लागरची चव घडवली ती थंडीने. १५५३च्या बव्हेरियन आदेशाने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर गाळण्यास मनाई केली. साहजिकच गारव्यात, तळाशी बसून संथपणे काम करणाऱ्या यीस्टचे फावले. तळघरात महिनोन् महिने मुरवलेल्या या बिअरला जर्मन भाषेतील साठवणीच्या शब्दावरूनच नाव मिळाले.

तेव्हा पेल्यात शोधायचा तो हा सावकाशपणा: माल्टची पावासारखी मंद गोडी, हॉपचा संयत कडवटपणा, घोटानंतर स्वच्छ होणारी जीभ. लोण्याचा वास येत असेल, तर मुरवण्यात बहुधा घाई झालेली असते. अशा वेळी बाटलीवर १५१६ असले, तरी गुण कापावेत.