हरकत राखून

भूसंपादनात जमीन गेलेला शेतकरी वकिलाकडे येतो तेव्हा पिशवीत सातबारा, निवाड्याची नोटीस आणि विहिरीचा फोटो असतो. विहीर हा बागायतीचा पुरावा. तो नीट मांडला नाही, तर जमीन जिरायतीच्या भावात जाते. १८९४च्या भूसंपादन कायद्यात हरकत न नोंदवता रक्कम उचलली, की वाढीव मोबदल्याचा हक्कच बुडे. निरक्षर माणसाला हे कोण सांगणार? १९८४ साली कलम २८-अ आले, शेजाऱ्याच्या निकालावर त्यालाही वाढीव मोबदला मागता येऊ लागला. मुदत मात्र तीनच महिने. २०१३च्या कायद्याने दिलासा रक्कम ३० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर नेली. तरी जुनी खरेदीखते धुंडाळणारा, झाडे मोजून घेणारा वकील लागतोच. अशा वकिलांबद्दल आम्हाला मनापासून आदर आहे. वाचकहो, रक्कम स्वीकारताना ‘हरकत राखून’ हे दोन शब्द अवश्य लिहा.