बायको सोडा, अनुदान मिळवा



मागच्या बैठकीत मी एक मुद्दा मांडला आणि तो दोन मिनिटांत बाजूला सारला गेला. माझ्या बायकोच्या अपंग अनुदानाचा अर्ज. आपल्यातलाच एक शिकलेला कार्यकर्ता म्हणाला, "हा तुझा घरगुती प्रश्न. चळवळीपुढं मोठे प्रश्न आहेत." मी तेव्हा गप्प बसलो. रात्रपाळी करून आलो होतो, डोळे मिटत होते. आज जागा आहे, म्हणून बोलतो.

माझी बायको मनानं आजारी आहे. हे एवढंसं वाक्य लिहायला मला तीन वर्षं लागली.

पोरगं झालं आणि तिची झोप गेली. मग ती भिंतीशी बोलायला लागली. मग तिला ऐकू यायला लागलं – शेजारीण टपलीय, नळाच्या पाण्यात कायतरी घातलंय. वस्तीनं निकाल दिला: बाहेरचं झालंय. आणि भगताचा पत्ता मला कुठून मिळाला? बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून भिंतीला लावलेल्या घरातून. होय, आपल्याच. विहारात पटाचाराची गोष्ट सांगतात. नवरा गेला, पोरं गेली, आईबाप गेले, बाईचं भान गेलं, अंगावरच्या वस्त्राची शुद्ध राहिली नाही. लोक तिला हाकलत होते आणि तथागतांनी तिला जवळ येऊ दिलं. ही गोष्ट डोळे पुसत ऐकणारी माणसं माझ्या दारावरनं जाताना पोरांना पलीकडच्या कडेला घेतात. येडीचं घर!

सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं, स्किझोफ्रेनिया. गोळ्या सुरू झाल्या. आवाज कमी झाले, पण बाईसुद्धा कमी झाली. पूर्वी ती सूतगिरणीत कोन वाइंडिंगला होती. तुटलेला धागा जोडायला तिचा हात माझ्यापेक्षा चलाख. आता पातेल्यात तांदूळ घालते आणि गॅस पेटवायचा राहून जातो.

मानसिक आजार हे अपंगत्व आहे हे 1995 च्या कायद्यानं मान्य केलं. 2016 चा नवा कायदा आला, त्यात अपंगत्वाचे 21 प्रकार झाले, हाही त्यात आहे. पण 40 टक्के भरलं पाहिजे. आता मन कसं मोजायचं? त्याला एक तक्ता आहे. स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम – चार रकाने, प्रत्येकाला शून्य ते चार मार्क. आजार किती जुना त्याचे आणखी मार्क. एकूण वीस. सात मिळाले की चाळीस टक्क्यांची पायरी. जितकं बिघडलेलं तितके मार्क जास्त. शाळेत जे कधी मिळाले नाहीत ते इथं मिळवायचे.

बोर्डाच्या दिवसासाठी शेजारच्या मावशींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "केस इंचरू नको तिचे. मळकंच नेसव. सायबाला दिसलं पायजे." मी गप्प राहिलो. खरं सांगतो, मनात म्हटलं, मावशी बरोबर बोलतात. पण ती पहाटे उठली. कितीतरी दिवसांनी आपण होऊन डोक्यावरनं आंघोळ केली. लग्नातलं हिरवं लुगडं नेसली. सरकारी कामाला जायचंय म्हणाली.

डॉक्टरांनी विचारलं, "स्वतः आंघोळ करता?" ती म्हणाली, "करते." "स्वयंपाक?" "करते." "घरातली कामं?" "सगळी करते." ताठ बसून उत्तरं देत होती. पाठीमागं उभा राहून मी मार्क मोजत होतो. प्रत्येक 'करते'ला एक गेला. माणूस म्हणून ती जेवढी उभी राहिली तेवढा आमचा अर्ज खाली बसला. मग मला तिच्या देखत तोंड उघडावं लागलं. सांगावं लागलं की नाही साहेब, आंघोळीला मी बसवतो, स्वयंपाक दोनदा जळाला, पोरगं मी माझ्या आईकडं ठेवलंय. ती माझ्याकडं बघत राहिली. तिची अब्रू मी चव्हाट्यावर मांडली आणि त्याचे पंचावन्न टक्के मिळाले.

इथपर्यंत डॉक्टरांचं ठीक होतं. त्यांनी निदान ऐकून घेतलं. आता कचेरी.

संजय गांधी निराधार अनुदान योजना 1980 सालची. पैसे वाढत वाढत 2023 साली पंधराशे झाले, 2025 मध्ये अपंगांसाठी अडीच हजार. बरं झालं. पण दाराला कुलूप आहे ते उत्पन्नाच्या मर्यादेचं. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21 हजार. अपंगासाठी ती मर्यादा पुढं 50 हजार केली. वर्षाचं हां, महिन्याचं नव्हे! दिवसाला 137 रुपये पडतात. तेवढ्यात नवरा-बायको-पोरगं जगतंय असा दाखला आणायचा. माझा पगार महिना तेरा हजार. चार महिन्यांतच मी सरकारच्या लेखी सावकार झालो.

गंमत बघा. राज्य विमा योजनेत कामगार बसतो तो महिना 21 हजार पगारापर्यंत, 2017 पासून. म्हणजे एक सरकार म्हणतं, महिना 21 हजारवाला गरीब कामगार, त्याला दवाखाना द्या. दुसरं म्हणतं, वर्षाला 21 हजारच्या वर गेला की तो निराधार नाही. दोन्हीकडं आकडा तोच. आणि त्याच विम्यात वेडाचा आजार कामगाराला स्वतःला झाला तर लांबच्या आजारपणाचा भत्ता आहे, पगाराच्या 80 टक्के. मला वेड लागलं तर घर चालेल. तिला लागलंय, तर तिच्याजवळ बसायला घेतलेल्या दिवसाचा खाडा.

कारकुनानं पगार ऐकला आणि अर्ज माझ्याकडं सरकवला. म्हणाला, "बसत नाही." मग आडनाव वाचलं, आणि "तुमच्या लोकांना सगळं फुकट पाहिजे," हे आलंच. पण नंतर त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, हळू आवाजात म्हणाला, "ती माहेरी राहते असं दाखव. सोडचिठ्ठीची केस घातलीस तर आणखी बरं. घटस्फोटाच्या प्रक्रियेतली बाई यादीत बसते."

मी ती यादी मिळवून वाचली. निराधार विधवा बसते. पोटगी न मिळालेली घटस्फोटित बसते. कैद्याची बायको बसते. बसायलाच पाहिजेत, त्या बायांचं मी काही काढत नाही. पण माझं गणित काय झालं? मी मेलो तर ती बसते. जेलात गेलो तर बसते. तिला टाकली तर बसते. मी रोज गिरणीत जातो, संध्याकाळी तिला गोळी देतो, रात्री ती दचकून उठली की तिचा हात धरतो – म्हणून बसत नाही!

टाकायची सोयही कायद्यात तयार आहे. 1955 चा हिंदू विवाह कायदा, जो आपण बौद्ध झालो तरी आपल्याला लागू आहे, त्यात मनाचा आजार हे घटस्फोटाचं कारण दिलंय.

घरी येताना तिनं विचारलं, "मला सोडल्यावर किती मिळतील?" मी म्हटलं, "अडीच हजार." "येवढंच? मग नको सोडू." आणि हसली. सहा महिन्यांनी हसली.

कुणी म्हणेल, सरकारजवळ पैसा नाही, कुठंतरी रेघ ओढायलाच लागते. मग ही दुसरी रेघ बघा. जुन्या पद्धतीनं आयकर भरणाऱ्या साहेबाची बायको अशीच आजारी असेल तर त्याच्या उत्पन्नातून 75 हजारांची वजावट मिळते. 80 टक्क्यांच्या पुढं असेल तर सव्वा लाख. त्याला कुणी विचारत नाही, तुझा पगार एवढा, मग तुझी बायको अपंग कशी? कमाईवर तिचं अपंगत्व पुसलं जातं ते फक्त आमच्या घरात.

आणि वरून नाव काय दिलंय? दिव्यांग! आपल्याला हे नवीन नाही. आपल्या बापजाद्यांना पाणी दिलं नाही, 'हरिजन' नाव दिलं. देवाचं नाव चिकटवलं की माणसाचं देणं फिटतं, ही जुनी युक्ती आहे. माझ्या बायकोत दिव्य काही नाही. ती आजारी आहे, आणि तिला महिन्याला पैसे लागतात.

आता त्या कार्यकर्त्याकडं येतो. मित्रा, तू म्हणतोस घरगुती. संविधानाचं 41 वं कलम उघड. बेकारी, म्हातारपण, आजार, अपंगत्व यात सरकारी मदत मिळण्याचा हक्क – हे तिथं लिहिलंय. बाबासाहेब 1942 ते 1946 मजूरमंत्री होते, कामगाराच्या आरोग्य विम्याची पायाभरणी त्या काळातली. त्यांना कामगाराचं आजारपण घरगुती वाटलं नाही. 2016 च्या कायद्याचं 24 वं कलम अपंगाच्या पेन्शनचं बोलतं, पण उत्पन्नाची मर्यादा ठरवणं सरकारवर सोडतं. म्हणजे ही मर्यादा दगडावरची रेघ नाही. एका शासन निर्णयानं ती बदलते. 21 ची 50 झालीच की! मग नवरा कमावतो म्हणून बायकोचं अपंगत्व नाकारू नका, तिचं उत्पन्न तिचं धरा – ही मागणी घेऊन आपला एक तरी मोर्चा तहसीलवर गेलाय का? जयंतीच्या डीजेला वर्गणी मागायला मात्र तू माझ्या दारी दोनदा आलास. दोनदा दिली.

खोटा दाखला मला मिळाला असता. दर माहीत आहे. वस्तीतल्या चौघांनी आणलाय आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही, पोट खोटं बोलायला लावतं. पण त्या कागदावर ती माझ्याजवळ राहत नाही असं लिहायचं होतं. माझा हात चालला नाही.

म्हणून दुसरा अर्ज केला. पगार खरा लिहिला. पत्ता एकच लिहिला, दोघांचा. पोच घेतली. अर्ज नाकारायचा असेल तर कारण लेखी द्या, असं 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याचं नाव घालून लिहून दिलंय. कारकून म्हणाला, "नाकारलंय म्हणून सांगितलं ना तोंडी?" मी म्हटलं, "कागदावर सांगा."

अजून कागद आलेला नाही. सोमवारी माझी सुट्टी असते. दर सोमवारी अकरा वाजता मी कचेरीच्या व्हरांड्यात असतो, ती सोबत असते, हिरवं लुगडं नेसून. वस्तीत अशी आणखी तीन घरं आहेत, दारं लावून बसलेली. त्यांना मी विचारलंय. दोघं यायला तयार आहेत. तुम्ही कधी येताय?