शाळेची भाषा आणि नेतृत्वाची पदवी

1936 साली मुंबईत ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ सुरू झाले. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. समाजसेवा ही केवळ दयाबुद्धीची बाब नसून अभ्यास करून शिकावयाचे काम आहे, हा विचार या संस्थेने देशात रुजवला. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट अमेरिकन होते आणि अध्यापनाची भाषा इंग्रजी होती. पहिल्या पिढीपुरते ते समजण्याजोगे होते. पुढे 2010 मध्ये कर्नाटकाच्या कायद्यान्वये बंगळूर येथे अझीम प्रेमजी विद्यापीठ स्थापन झाले. शिक्षण आणि विकास या विषयांतील पदव्युत्तर शिक्षण हा त्याचा कणा. अशा विद्यापीठांतून बाहेर पडणारे तरुण पुढे स्वयंसेवी संस्था चालवतात, शाळांसाठी कार्यक्रम आखतात, सरकारांना सल्ला देतात. या संस्थांच्या हेतूविषयी आम्हाला शंका नाही. आमचा आक्षेप एकाच गोष्टीवर आहे: ज्या मुलांसाठी हे नेतृत्व घडवले जाते, त्यांच्या भाषेत ते घडत नाही.

सीमाभागातील एखाद्या मराठी प्राथमिक शाळेत शाळा सुधारणा कमिटीची बैठक भरते, तेव्हा काय होते ते पाहावे. आई-वडील मराठीत बोलतात. मुख्याध्यापकांच्या टेबलावरचे परिपत्रक कन्नडमध्ये असते. शाळेत काम करू पाहणाऱ्या संस्थेचा अहवाल इंग्रजीत तयार होतो. पोरगे वाचायला का अडते, हे एखादी आई नेमक्या शब्दांत सांगते; पण ते शब्द परिपत्रकातही उतरत नाहीत आणि अहवालातही नाहीत. ज्या कागदावरून निर्णय होतो, त्या कागदावर ती आई नसतेच.

येथे प्रश्न केवळ सोयीचा नाही, शब्दांच्या अर्थाचाही आहे. या क्षेत्रात ‘इंटरव्हेन्शन’ हा शब्द फार चालतो. त्याचे मराठी रूप म्हणून ‘हस्तक्षेप’ लिहिले जाते. मराठीत हस्तक्षेप म्हणजे दुसऱ्याच्या कामात नको असताना केलेली ढवळाढवळ. ‘आम्ही तुमच्या शाळेत हस्तक्षेप करणार आहोत’ असे पालकांना सांगितले, तर ते उठून जातील, आणि त्यांचे काही चुकणार नाही. ‘बेनिफिशरी’चा ‘लाभार्थी’ झाला आणि हक्काने शिकणारे मूल एका शब्दात लाभाची इच्छा धरणारे ठरले. भाषांतर कच्चे आहे, एवढ्यावर हा दोष संपत नाही. विचारच परभाषेत झाला आणि मराठी शेवटी वरून चिकटवली गेली, हे त्याचे मूळ आहे.

उच्च शिक्षण देशी भाषेत शक्य नाही, हे उत्तर आम्हाला नेहमी ऐकवले जाते. इतिहास तसे सांगत नाही. 1916 साली महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले, ते मातृभाषेतून शिक्षण देण्यासाठीच. 1918 साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ उभे राहिले. तेथे वैद्यकही उर्दूतून शिकवले गेले, कारण त्याआधीच भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडून पुस्तके तयार करण्यास आरंभ झाला होता. बिदर-भालकीच्या मराठी माणसाला ती उर्दूही परकीच होती, हे आम्ही विसरलेलो नाही. परंतु मनात आणले तर परिभाषा घडते, एवढे त्यावरून निर्विवाद सिद्ध होते.

दुसरे उदाहरण आमच्या अगदी जवळचे आहे. आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे जे. पी. नाईक यांनी 1948 साली मुंबईत भारतीय शिक्षण संस्था स्थापन केली. ती पुढे पुण्यास आली. शिक्षणाचे पदव्युत्तर अध्ययन व संशोधन हेच तिचे कार्य. त्याच नाईकांचा हात गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीतही होता. 1964 ते 1966 या काळात ते कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते, आणि विद्यापीठीय शिक्षण प्रादेशिक भाषांतून व्हावे अशी शिफारस त्या आयोगाने केली. खेड्याशी नाते न तोडता देशाचे शिक्षणधोरण लिहिता येते, याचा याहून मोठा दाखला कोणता?

राज्यघटनेच्या कलम 350-अ ने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्यास राज्यांना सांगितले आहे. त्या सोयीचा सांभाळ करणारी माणसे मात्र त्या भाषेत तयार होत नसतील, तर कलम कागदावर राहते आणि शाळेला कुलूप लागते.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. क्षेत्रकार्यास जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला तेथील भाषेत पालकांची बैठक चालवता आली पाहिजे, आणि पदवीसाठी ती अट असावी. शाळेविषयीचा कोणताही अहवाल आधी शाळेच्या भाषेत लिहून गावासमोर वाचला जावा. बंगळूरच्या विद्यापीठाने शैक्षणिक साहित्य कन्नड व हिंदीत आणण्याचे काम केले आहे, त्याचे आम्ही स्वागत करतो; त्याच कर्नाटकातील मराठी शाळांसाठी मराठीलाही तेथे कायमची जागा हवी. कन्नडशी आमचे वैर नाही. आमच्या मुलाने कन्नड शिकावी, पण ती त्याच्या मराठीच्या जागी नको.

आणि एक मागणी आमची आमच्याकडेच आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीत, तसेच गोवा, इंदूर, बडोद्यातही, आयुष्यभर मराठी शाळा चालवलेले गुरुजी आणि बाई आज निवृत्त होत आहेत. पट कसा टिकवला, दोन भाषांच्या घरातले मूल कसे लिहिते झाले, कमिटीतले भांडण कसे मिटवले, हे सारे त्यांच्याजवळ आहे आणि कोठेही लिहिलेले नाही. विद्यापीठाने मराठी वाचनयादी मागितली, तर आज आम्ही काय देणार? वाचकहो, आपल्या गावातील अशा एका तरी शिक्षकाजवळ या सुट्टीत वही घेऊन बसा, आणि ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या.