पोराचं नाव सातबाऱ्यावर लावा



मागच्या बैठकीला एक आजी दोन नातवंडं घेऊन आली होती. पोरांचे आईबाप वीटभट्टीवरच वारले, त्याला वर्ष उलटून गेलं. संजय गांधी निराधार योजनेत अनाथ पोरांना अनुदान आहे, १९८० पासून आहे. साहेब म्हणतात, मृत्यूचा दाखला आणा. ग्रामसेवक म्हणतो, माणूस इथं मेला नाही, माझ्या वहीत कसा लिहू? त्याचं म्हणणं कायद्याने खरंच आहे. मृत्यू जिथं झाला तिथंच नोंद होते. २१ दिवसांत फुकट होते, वर्ष उलटलं की मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागतो. एस.टी.चं भाडं उसनं घेणाऱ्या म्हातारीनं परक्या तालुक्यात मॅजिस्ट्रेटपुढं उभं राहायचं! तेव्हा भट्टीवर मयत झाली तर त्याच गावच्या ग्रामपंचायतीत नोंद घालूनच निघा. मालकाला नोंद नको असते. चार जण मिळून जा.

अनुदान मिळालंच पाहिजे, ती कुणाची मेहेरबानी नाही. पण आम्हाला जास्त काळजी वाटते ती जमिनीची. अनुदानासाठी आपण खेटे घालतो आणि बापाच्या दोन एकरांकडे कुणी बघत नाही. सातबारा मेलेल्याच्या नावावर पडून राहतो, नाहीतर पोरं लहान म्हणून चुलता आपलं नाव लावून घेतो. सगळे चुलते वाईट नसतात, पोरांना भाकर तोच घालतो. पण त्याच्या डोक्यावर सावकार बसलेला असला तर पोरांची जमीनही त्याच्याबरोबर जाते.

पोर लहान असलं तरी वारस म्हणून नाव त्याचंच लागतं. सांभाळणाऱ्याचं नाव फक्त अ.पा.क., म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणून. जमीन महसूल कायद्याच्या कलम १४९ प्रमाणे त्याने तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं, तोंडी सांगितलं तरी चालतं. लेखी पोच मागा, ती द्यावीच लागते. मुदत गेली असली तरी कळवा, वारसाचा हक्क त्यामुळे जात नाही. आणि मुलीचं नाव गाळू नका. चालीरीत आहे म्हणता, पण आईबाप नसलेली पोर जाईल कुठं?

वनखात्याचा प्लॉट असेल तर बापाच्या नावच्या दंडाच्या पावत्या जपून ठेवा. कसवणुकीचा पुरावा तोच.

येत्या सोमवारी आपले दोन कार्यकर्ते आजीबरोबर तहसीलला जाणार आहेत. तुमच्या पाड्यावर अशी पोरं असतील तर त्यांची नावं, वयं, आईबाप कधी आणि कुठं वारले, एवढं चिठ्ठीवर लिहून बाजारच्या दिवशी ऑफिसात आणून द्या.