मजूर मिळत नाहीत, तर मजुरी वाढवा!



सरकारी योजनांमुळे मजूर गाव सोडायला तयार होत नाहीत, हे लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचे फेब्रुवारी २०२५ मधील चेन्नईतील वक्तव्य वाचले आणि मनस्वी चीड आली. त्याच्या महिनाभर आधी त्यांनी आठवड्याला नव्वद तास काम करायला सांगितले, तेव्हा सगळा गदारोळ बायकोकडे किती वेळ बघत बसणार या वाक्यावर झाला. चार दिवस विनोद फिरले, विषय मिटला. हे दुसरे विधान मात्र हसण्यावारी नेता येणार नाही, कारण ते ज्यांच्याबद्दल आहे त्यांना उत्तर द्यायला व्यासपीठच नाही.

माझी सगळी नोकरी हिशेब तपासण्यात गेली. त्यामुळे भाषण वाचून झाले की मी वार्षिक अहवाल उघडतो. २०२३-२४ या वर्षात अध्यक्षांना मिळाले ५१ कोटी ५ लाख रुपये. त्यात मूळ पगार ३ कोटी ६० लाख आणि कमिशन ३५ कोटी २८ लाख. ही प्राप्ती आदल्या वर्षापेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त. कंपनी कायद्याच्या कलम १९७ मुळे आणखी एक आकडा छापावाच लागतो: पगाराच्या उतरंडीत बरोबर मध्यावर असलेल्या कर्मचाऱ्याच्या तुलनेत हे उत्पन्न ५३४.५७ पट होते. तो मधला कर्मचारी तेव्हा वर्षाला साधारण साडेनऊ लाख मिळवत होता.

साडेनऊ लाख मिळवणारा हा मधला माणूस कोण? अध्यक्षांनी चेन्नईच्या त्याच भाषणात सांगितले की आपल्याकडे अडीच लाख कर्मचारी आणि चार लाख मजूर आहेत. या साडेसहा लाख माणसांना पगाराप्रमाणे एका रांगेत उभे करा. मजूर चार लाख, म्हणजे निम्म्याहून कितीतरी जास्त. रांगेच्या मध्यावर मजूरच येणार, आणि त्याला काही वर्षाला साडेनऊ लाख मिळत नाहीत. याचा सरळ अर्थ, ५३४ पट हा आकडा मजुरांना रांगेबाहेर ठेवूनच निघाला आहे. ठेकेदाराच्या हजेरीपटावरचा माणूस कंपनीचा कर्मचारी नव्हे, म्हणून तो मोजायचा नाही. तो कामावर येईनासा झाला, की मात्र तो आपला मजूर!

असा मजूर किती मिळवतो, ते मी रोज पाहतो. आमच्या सोसायटीसमोर गेली दोन वर्षे एका बिल्डरचे बांधकाम सुरू आहे. बिगाऱ्याला सहाशे रुपये हजेरी. झारखंड-ओडिशाची मुले आहेत, काही आपल्या नांदेड-परभणीकडचीही. सहा जणांत मिळून पत्र्याची एक खोली, पाण्याचे एक पिंप. पावसाचा खाडा पडला की त्या दिवसाची हजेरी बुडाली. गावाहून निघताना घेतलेली उचल मुकादम दर आठवड्याला कापून घेतो. वर्षाचे तीनशे दिवस काम मिळाले असे धरले, आणि एवढे सहसा मिळत नाही, तरी हातात येतात १ लाख ८० हजार. याच्याशी त्या ५१ कोटींची तुलना केली, तर फरक ५३४ पटींचा राहत नाही. तो २,८०० पटींच्या वर जातो.

आणि यांना गावात धरून कोण ठेवते? अध्यक्षांच्या मते रोजगार हमी, खात्यात थेट जमा होणारे पैसे वगैरे. महाराष्ट्रात २०२४-२५ मध्ये रोजगार हमीची मजुरी होती दिवसाला २९७ रुपये. हमी शंभर दिवसांची होती, पण देशाची सरासरी काढली तर एका कुटुंबाला प्रत्यक्षात काम मिळाले पन्नासएक दिवस. वर्षाचे पंधरा हजारसुद्धा झाले नाहीत. अध्यक्षांची २०२३-२४ मधली रोजची प्राप्ती चौदा लाखांच्या आसपास होती. वर्षाच्या पंधरा हजारांसाठी जर माणूस तुमच्याकडे यायचे नाकारत असेल, तर तुम्ही त्याला काय देऊ करता ते आधी तपासा. बायको-पोरे मागे ठेवून, दोन चुली सांभाळून, त्याच्या हाती उरते काय?

मला न पटणारी गोष्ट एवढीच आहे. वरचा माणूस टिकवायचा असेल तर पगार वाढवावा लागतो, नाहीतर तो दुसऱ्या कंपनीत जाईल, हे आपल्याला बाजाराचा नियम म्हणून सांगितले जाते. तोच नियम खाली लागू करायची वेळ आली की बाजार कुठे जातो? मजूर मिळेना तर मजुरी वाढली पाहिजे. तसे न करता मजुराच्या ताटातले सरकारी धान्य मोजायचे, हा कुठला न्याय? अध्यक्षांना २०२३-२४ मध्ये नफ्यावर ३५ कोटींचे कमिशन मिळाले. स्लॅब टाकणाऱ्याला नफ्यातला एक रुपयाही का नाही? अटल सेतू आणि सागरी किनारा मार्गात या कंपनीचा मोठा वाटा आहे आणि ही कामे उत्तम झाली आहेत, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण भर समुद्रात उभे राहून ती केली कोणी?

२०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाच्या आदल्या दिवशी आलेल्या आर्थिक पाहणी अहवालातही हीच तफावत दिसते. २०२३-२४ मध्ये मोठ्या कंपन्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला, रोजगार वाढला दीड टक्का. हे सरकारच सांगते आहे.

लार्सन अँड टुब्रोच्या मोठ्या भागधारकांपैकी एलआयसी ही एक आहे. तिच्याकडचा पैसा माझ्यासारख्या लाखो पॉलिसीधारकांच्या हप्त्यांचा आहे. एलआयसीने येत्या वार्षिक सभेत उभे राहून एवढे तरी विचारावे, की ठेकेदाराकडचे मजूर धरून पगाराचे ते ५३४ पटींचे गुणोत्तर किती येते? आणि केंद्राने नियमात दुरुस्ती करून कंत्राटी मजुरांसह गुणोत्तर छापण्याची सक्ती करावी. यात कोणाच्या खिशातून एक पैसा जात नाही.

जाता जाता राज्य सरकारलाही एक सांगायचे आहे. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर मजुरांच्या कल्याणासाठी गोळा होतो. हा पैसा सांभाळणाऱ्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करायची तर वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. समोरच्या साइटवरच्या दोन मुलांसाठी मी स्वतः ठेकेदाराकडे हा दाखला मागायला गेलो. त्याने सरळ सांगितले, सहीशिक्का दिला की उद्या भविष्य निर्वाह निधीवाले माझ्या दारात येतील, मी कोणालाच देत नाही. उपकर भरला जातो, पैसा मंडळाकडे पडतो आणि ज्याच्या नावाने तो घेतला त्याची नोंदच होत नाही. दाखल्यासाठी ठेकेदाराच्या मनधरणीची अट काढून टाकावी आणि मंडळाच्या माणसांनी साइटवर येऊन मजुरांची नोंदणी करावी. आमच्या समोरच्या साइटपासून सुरुवात केली तरी चालेल; पत्ता मी द्यायला तयार आहे.

– एक निवृत्त लेखापरीक्षक, चिंचवड