दार अडते ते लाकडामुळे की हवेमुळे?

पावसाळ्यात दार अडू लागले की घरधनी सुताराला निरोप धाडतो. सुतार रंधा मारतो. पुढे उन्हाळ्यात लाकूड वाळते आणि त्या फटीतून उंदीर-विंचू आत येतात. पुष्कळदा दोष लाकडाचा नसतोच. तो खोलीतल्या कोंडलेल्या हवेचा असतो.

अजिंठ्याच्या घाटाखालच्या फर्दापूरसारख्या गावातले जुने धाब्याचे घर आठवा. वर साणे, दाराच्या दोन फळ्यांत बोटभर फट. हवेला दहा वाटा! स्लॅबच्या घरात खिडक्या घट्ट लागतात, आणि मग गंमत होते.

हिशेब करू. खोली १० फूट लांब, तेवढीच रुंद व उंच, म्हणजे १००० घनफूट. दार ३ फूट रुंद, ६ फूट उंच, आत उघडणारे. ते लावताना कड शेवटचा सव्वा इंच सरकते, तेवढ्यात आतली जागा १ घनफूट वाढते. हवा मात्र तेवढीच, म्हणजे ती हजारात एक भाग विरळ झाली. एवढ्याने काय होते? हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो; त्याचा हजारावा भाग १ ग्रॅम. फळीचे क्षेत्र जवळजवळ १७,००० चौरस सेंटिमीटर. म्हणजे १७ किलोंचा रेटा! कडेला धरले तर हाताला निम्मा जाणवतो. प्रत्यक्षात फटींतून थोडी हवा येते, म्हणून दार हळू लावले की लागते, आपटले की मागे येते. शेजारच्या खोलीचे लोटलेले दार आपोआप हलते तेही यामुळेच, भुताटकीने नव्हे.

अजिंठ्याच्या विहारांतील भिक्षूंच्या खोल्यांना खिडक्या नाहीत, पण दाराच्या खुंट्यांची भोके दगडात आजही दिसतात. ती बसवण्याची रीत कशी बदलत गेली, याचा उपयोग मिशिगन विद्यापीठाचे वॉल्टर स्पिंक यांनी लेण्यांचा काळ ठरवताना केला.

आता घरची परीक्षा. खिडकी उघडून दार लावा. सहज लागले तर रंध्याला हात लावू नका, झरोका मोकळा करा. तरीही अडले तर घासल्याची खूण शोधा, बिजागरीचे स्क्रू आवळा, मग सुतार. आणि थंडीत झरोके चिंध्यांनी बुजवून आत कोळशाची शेगडी मुळीच ठेवू नका. तिच्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही.