डिबेटसाठी ‘जपान बघ ना’ एवढं पुरत नाही

पोस्ट जरा मोठी आहे, चहा घेऊन बसा.

लेकीला शाळेत डिबेटचा विषय आलाय: परक्या सैन्याच्या हस्तक्षेपाने देशाची प्रगती होते का? तिच्या वाट्याला ‘होते’ ही बाजू आली. मी भांडी लावता लावता सांगून मोकळा झालो, "सोपं आहे, जपान बघ ना." तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हेच सांगितलं असतं. ती म्हणाली, "बाबा, समोरच्या टीममधला मुलगा इराकचा आहे. त्याचे आजोबा शिक्षक होते. २००३ मध्ये त्यांची नोकरी गेली."

मी गप्प. रात्री वाचत बसलो.

९ एप्रिल २००३ ला बगदाद पडलं. त्याच दिवसांत तिथलं राष्ट्रीय संग्रहालय लुटलं गेलं. तेल मंत्रालयावर मात्र अमेरिकी सैनिकांचा पहारा होता. मे महिन्यात पॉल ब्रेमर कारभारी म्हणून आले आणि लागोपाठ दोन हुकूम निघाले. बाथ पक्षातल्या वरच्या लोकांना सरकारी नोकरीतून काढा, आणि इराकी सैन्य बरखास्त करा. ऐकायला ठीक वाटतं. पण सद्दामच्या राज्यात पुढे जायचं तर पक्षाचं सभासद होणं भाग असे, अगदी शिक्षकालासुद्धा. हजारो शिक्षक घरी बसले. लाखो सैनिक पगाराविना रस्त्यावर आले, हत्यार चालवायचं शिक्षण घेतलेले. पुढे काय झालं ते आपण बातम्यांत पाहिलंच. कारभार जाणणारी माणसंच हाकलल्यावर प्रगती करणार कोण?

जपानमध्ये १९४५ नंतर उलटं झालं. सम्राट राहिला, बहुतेक सरकारी अधिकारी राहिले, साक्षरता आणि कारखानदारी तर मेइजी काळापासूनची. १९४६ च्या निवडणुकीत बायकांनी पहिल्यांदा मत दिलं, त्याचं श्रेय मॅकआर्थरच्या राजवटीला द्यायलाच हवं. पण इचिकावा फुसाएसारख्या बायका त्यासाठी १९२० च्या दशकापासून भांडत होत्या. आयतं काही मिळालं नाही.

आता आपल्या घरचं. १९७१ म्हटलं की छाती फुगते, माझीही. पण तिथे लोकांनी १९७० मध्येच कौल दिला होता, मुक्तिवाहिनी आधीपासून लढत होती, आणि १६ डिसेंबरच्या शरणागतीनंतर आपलं सैन्य मार्च १९७२ मध्ये परत आलं. सैन्याने कत्तल थांबवली. देश उभा केला तो बांगलादेशी लोकांनी, १९७४ चा दुष्काळ सोसून.

माझं मत सांगतो, पटलं नाही तर खुशाल भांडा. कत्तल थांबवायला सैन्य लागतं, कधी कधी दुसरा उपायच नसतो. शाळा, कोर्ट, नळाचं पाणी हे त्याचं काम नव्हे. ‘प्रगतीसाठी’ म्हणून कोणी युद्ध मागायला लागलं की मला शंका येते. आपली बरीच मुलं इथली नागरिक आहेत, अठराव्या वर्षी मत देतील, आणि पुढचं युद्ध त्यांच्याच टॅक्सवर होईल. तेव्हा त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवरचं ज्ञान देऊन वाटेला लावू नका. (मी तेच करणार होतो.)

लेकीने भाषणातून जपान काढलंय. त्याऐवजी १९९१ मध्ये उत्तर इराकमधल्या कुर्दांना सद्दामपासून मिळालेलं संरक्षण घातलंय. त्यावर तो मुलगा काय म्हणतो, ते शुक्रवारी कळेल.